एफडीवरचं क्रेडिट कार्ड: सिबिल 'मायनस एक' असताना घेतलेलं, १४ महिने वापरून लिहितेय

आधीच सांगते, बँकेचं नाव लिहिणार नाहीये, कारण एक तर खाली मी त्यांना बऱ्याच शिव्या घातल्यात आणि दुसरं म्हणजे हे कार्ड आता बऱ्याच बँका देतात, सरकारी, खाजगी, स्मॉल फायनान्स सगळ्या, नाव वेगळं असतं पण आतून सगळं एकच, तुम्ही एफडी करायची, बँक त्यावर लीन लावणार (म्हणजे ती एफडी तुम्हाला मध्येच मोडता येत नाही) आणि त्या रकमेच्या ८०-९० टक्के, काही ठिकाणी १०० टक्के लिमिटचं क्रेडिट कार्ड देणार. पगाराची स्लिप शक्यतो मागत नाहीत. सिबिल (म्हणजे आधीची कर्जं कशी फेडली यावरून मिळणारा स्कोअर) नसला तरी चालतो. माझ्यासारख्यांसाठीच आहे ते.

माझ्यासारखे म्हणजे कोण, तर ज्यांनी आयुष्यात कधी कर्जच घेतलं नाही असे.

मी मूळची बार्शीची, पुण्यात नोकरीला लागून तेव्हा आठ महिने झालेले, २३ वर्षांची, पगार २८ हजार. जुलै २०२४ मध्ये स्कूटी घ्यायला शोरूमला गेले, रंग पण ठरला, आणि मग तिथल्या कोपऱ्यात टेबल टाकून बसलेला फायनान्सवाला दादा पॅन नंबर टाकून म्हणाला, "मॅडम, तुमचा सिबिलच नाहीये, मायनस एक दाखवतोय." मला वाटलं मायनस म्हणजे माझ्या नावावर काहीतरी थकलंय. घाबरलेच. तो म्हणाला तसं नाही, हिस्ट्रीच नाही, बघायला काही नाहीच. लोन होईल पण २१ टक्क्याने, आणि वडिलांना को-अ‍ॅप्लिकंट घ्या. म्हटलं घ्या. अण्णांचा पॅन टाकला. अण्णांचा पण मायनस एक.

आता गंमत बघा, अण्णांचं किराणा दुकान आहे गेली २६ वर्षं, पतसंस्थेतून तीनदा कर्ज काढून फेडलंय, भिशीचा एक हप्ता कधी चुकला नाही, बाजारात कुणालाही विचारा. फोनवर सांगितलं तर चिडलेच. "आपण कुणाचं चहाचंसुद्धा देणं ठेवत नाही आणि आपल्याला पत नाही म्हणतो व्हय तो?" मी जेवढं त्या दादाकडून समजलेलं तेवढं सांगितलं, की अण्णा, पतसंस्थेचं यांच्याकडे काही आलेलंच नाही, भिशीचं तर येतच नाही, त्यांच्या लेखी तुम्ही कोण हेच माहीत नाही. जरा वेळ गप्प बसले मग म्हणाले, "म्हणजे नवीन भाडेकरू आला की मी उधारी देत नाही, तसं." हो. एक्झॅक्टली तसं. माझ्या मते या विषयावर इंटरनेटवर जे काय लिहिलंय त्यात याच्यापेक्षा सोपं कुणी सांगितलेलं नाही. अण्णा नवीन भाडेकरूला काय करतात? महिनाभर रोखीनं घेऊन बघतात, मग दोनशेची उधारी, ती फिटली की पाचशेची. एफडीवरचं कार्ड म्हणजे तेच, फक्त इथे भाडेकरूनं आधी डिपॉझिट ठेवायचं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कुणी किती कर्ज घेतलं आणि कसं फेडलं याच्या वह्या ठेवणाऱ्या भारतात चार कंपन्या आहेत, ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. सिबिल सगळ्यात जुनी, २००० सालची, म्हणून आपण सगळ्याच स्कोअरला सिबिल म्हणतो, झेरॉक्स म्हणतो तसं. स्कोअर ३०० ते ९००. हिस्ट्रीच नसेल तर मायनस एक किंवा एनएच (नो हिस्ट्री) असं येतं. आणि त्यात फक्त कर्ज आणि क्रेडिट कार्ड मोजतात. तुमची एसआयपी, पीपीएफ, एलआयसी, बचत खात्यातले दोन लाख, डेबिट कार्ड कितीही घासलं, काही धरत नाहीत. मी कॉलेजपासून आरडी भरतेय याचं कौतुक फक्त आईला.

आता माझी पहिली चूक. शोरूमवरून आल्यावर रागारागात त्याच रात्री रूमवर बसून चार ठिकाणी क्रेडिट कार्डला अप्लाय केलं. मोबाईलवर दोन मिनिटांचं काम, प्रत्येकावर लिहिलेलं 'प्री-अप्रूव्ह्ड'. चारही रिजेक्ट. नंतर कळलं की प्रत्येक अर्जाची एन्क्वायरी म्हणून नोंद पडते, म्हणजे माझी वही अजून उघडलीच नव्हती आणि पहिल्या पानावर चार जणांकडे उधारी मागून आली असं लिहून झालं. त्या अजून दिसतात रिपोर्टात. (स्वतःचा स्कोअर स्वतः बघितला तर कमी होत नाही, हा गैरसमज ऑफिसातल्या अर्ध्या लोकांचा आहे. आपण बघणं वेगळं, कर्ज देणाऱ्यानं बघणं वेगळं.)

तर ऑगस्टमध्ये ज्या बँकेत पगार जमा होतो तिथेच गेले. ऑनलाइन होतं खरं पण माझं आधारवरचं आणि पॅनवरचं नाव थोडं वेगळं आहे, एकात वडिलांचं नाव मध्ये आणि एकात नुसतं आडनाव, त्यामुळे अ‍ॅप अडकलं. हे आधी नीट करून घ्या, खरंच, नंतर रिपोर्टात पण त्रास होतो.

ब्रँचमध्ये दीड तास. त्यातला एक तास आणि वर काही मिनिटं तिथला माणूस मला एफडीच्या ऐवजी विमा पॉलिसी घ्या म्हणून समजावत होता. "मॅडम, एफडीमध्ये काय मिळतंय, हे बघा यात पाच वर्षं भरायचं, सेव्हिंग पण होतं, कव्हर पण मिळतं." मी म्हटलं मला पॉलिसीवर क्रेडिट कार्ड मिळेल का? नाही. मग नको. तरी तो फॉर्म माझ्यापुढे सरकवून ठेवलेलाच होता, पेन पण त्याच्यावरच. शेवटी शेजारच्या काउंटरवरच्या ताईंनी हाक मारली, "इकडे या, तुम्हाला कार्डवाली एफडी पाहिजे ना," आणि दहा मिनिटांत काम केलं. त्या ताईंना पूर्ण मार्क. ब्रँचला दोन.

एफडी केली २५ हजारांची, एक वर्षाची, ७ टक्के, ऑटो रिन्यूअल. लिमिट मिळालं साडेबावीस हजार. कार्ड नऊ दिवसांत आलं, रुपे घेतलं मुद्दाम कारण रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं (२०२२ पासून सुरू आहे हे) आणि मी आयुष्यात कुठे स्वाइप करते, मी क्यूआरवाली बाई आहे. जॉइनिंग फी नव्हती. वार्षिक फी पहिल्या वर्षी शून्य, नंतर ४९९ अधिक जीएसटी असं लिहिलेलं, ती ५० हजार खर्च केला की माफ. माझा झाला.

रुपेचं एक सांगते, यूपीआयवर ते सगळीकडे चालत नाही. दुकानदाराचा क्यूआर व्यापारी खात्याचा असेल तर चालतं, पर्सनल खात्याचा असेल तर नाही. आमच्या खालचा चहावाला स्वतःच्या पर्सनल नंबरवर घेतो, तिथे पहिल्या दिवशी मी कार्डानं बारा रुपये द्यायला गेले आणि तीनदा फेल, मागे लाईन, तो म्हणाला "ताई उद्या द्या." म्हणजे उधारी त्यानंच दिली शेवटी, सिबिल न बघता.

आता सगळ्यात मोठी तक्रार आणि हेच लिहायला बसले खरंतर. ऑटो डेबिट.

कार्ड सुरू करताना अ‍ॅपमध्ये विचारतात बिल आपोआप खात्यातून कापू का, मी हो केलं, शहाण्या मुलीसारखं. त्याच्याखाली बारीक अक्षरात दोन पर्याय होते, 'टोटल ड्यू' (पूर्ण बिल) आणि 'मिनिमम ड्यू' (कमीत कमी भरायची रक्कम), आणि मिनिममवर आधीच टिक होती. आधीच! मी बघितलंच नाही. पहिलं बिल आलं ४,२१२ रुपये. तारखेला खात्यातून कापले गेले २११. मला मेसेज आला पेमेंट रिसीव्ह्ड, थँक्यू, हिरवी टिक बिक, मी खूश. पुढच्या बिलात २३१ रुपये व्याज आणि त्यावर ४१ रुपये ५८ पैसे जीएसटी. मी कस्टमर केअरला भांडले की मी वेळेत भरलंय, तर ती शांतपणे, "हो मॅम, आपण मिनिमम अमाऊंट वेळेत भरलीय, त्यामुळे लेट फी लागलेली नाही."

हे नीट समजून घ्या कारण हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. मिनिमम भरलं की तुम्ही डिफॉल्टर होत नाही, स्कोअरला लगेच धक्का नाही, पण व्याज चालू होतं आणि ते ड्यू डेटपासून (बिल भरायच्या शेवटच्या तारखेपासून) नाही तर ज्या दिवशी वस्तू घेतली त्या दिवसापासून, आणि सगळं फिटेपर्यंत पुढच्या नव्या खरेदीला पण ते बिनव्याजी ४५-५० दिवस मिळत नाहीत, पहिल्या दिवसापासून मीटर. दर महिना साडेतीन टक्के ऐकायला काही वाटत नाही, वर्षाचे ४२ झाले की. माझी एफडी मला महिन्याला साधारण १४६ रुपये मिळवून देते, म्हणजे बिचारीनं जवळपास दोन महिने राबून जे कमावलं ते एका टिकमध्ये गेलं. २७२ रुपये ही काय मोठी रक्कम नाही हो, पण अण्णांनी कुणाच्या वहीत असं गुपचूप लिहिलं असतं तर लोकांनी दुकानात येऊन तमाशा केला असता.

टिक बदलली, त्यानंतर एकदाही व्याज नाही. शिवाय बिलाची तारीख पण बदलून घेतली, माझा पगार ७ तारखेला होतो आणि ड्यू डेट २ होती म्हणजे रिकाम्या खात्यावर घाव. आरबीआयच्या नियमानं बिलाचं चक्र एकदा तरी बदलून मागता येतं, कस्टमर केअरला पहिल्यांदा 'असं काही होत नाही मॅम' म्हणतात, दुसऱ्या फोनला होतं.

आणि एक नियम माहीत असू द्या, ड्यू डेट उलटून तीन दिवसांपेक्षा जास्त झाले तरच बँक थकबाकी म्हणून पुढे कळवू शकते आणि लेट फी लावू शकते. म्हणजे रविवार आला, सर्व्हर डाऊन झाला तर जीव जायची गरज नाही. पण त्या तीन दिवसांच्या भरवशावर बसू पण नका.

वापर कसा केला: रिचार्ज, महिन्याचा किराणा, औषधं, एखादं ऑनलाइन. तीन-चार हजार, कधी पाच. सगळे म्हणतात लिमिटच्या ३० टक्क्यांच्या आत राहा, हा काही सरकारी नियम नाही पण पाळला तर बरं, माझ्या लिमिटवर ते साधारण पावणेसात हजार होतात. कार्डावरून एटीएममधून पैसे काढायचे नाहीत म्हणजे नाहीत, तिथे फी वेगळी आणि व्याज त्याच मिनिटापासून.

आणि मग वाट बघायची. हे इतकं कंटाळवाणं आहे ना. दर आठवड्याला बघायचे, मायनस एक, मायनस एक, मध्ये मला वाटलं बँक पाठवतच नाहीये माहिती. मैत्रीण म्हणाली अगं सहा महिने तरी जाऊ दे. मार्च २०२५ मध्ये एकदम ७४२ आला. ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये ओरडलेच, लोकांना वाटलं अप्रेझल झालं.

जानेवारी २०२५ मध्ये बँकांना महिन्यातून दोनदा माहिती पाठवणं सक्तीचं झालं, १५ तारखेची आणि महिनाअखेरची, त्यामुळे हल्ली फरक लवकर दिसतो, चांगला पण आणि वाईट पण. जूनमध्ये मी १८ हजारांचा फोन कार्डावर घेतला, ८० टक्के लिमिट एका फटक्यात भरलं, पैसे खात्यात होते, बिल आल्यावर पूर्ण भरले, तरी स्कोअर ७४८ वरून ७३१. पुढच्या महिन्यात परत वर. तर घाबरू नका पण लोनला अप्लाय करायच्या महिन्यात असले उद्योग करू नका.

दुसरी तक्रार: सिबिलला माझं कार्ड दिसत होतं, पण बाकी तिघांपैकी एका ठिकाणी एप्रिलपर्यंत दिसतच नव्हतं. चारही कंपन्यांकडे पाठवणं बँकेला बंधनकारक आहे. चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असा आरबीआयचा आदेश आहे, २०१७ पासून, म्हणून मला कळलं तरी, मी चारही काढले. तो मूळ कंपनीच्या वेबसाइटवरूनच काढा, 'फ्री स्कोअर' वाली अ‍ॅपं स्कोअर दाखवतात आणि मग पंधरा दिवस तुम्हाला पर्सनल लोनचे फोन, माझ्या मैत्रिणीला तर आजीच्या दहाव्याला पण आला. तक्रार टाकली. ३० दिवसांत सोडवली नाही तर ३१व्या दिवसापासून रोजचे १०० रुपये भरपाई असा नियम आहे, मी कॅलेंडरवर खुणा करत बसलेले, आणि यांनी १९व्या दिवशी दुरुस्त केलं. नेमकं तेव्हाच कामसू.

आता दुसरे रस्ते, लोक विचारतात म्हणून.

'आत्ता घ्या नंतर द्या' वाली अ‍ॅपं: माझ्या रूममेटनं वापरलं, तिला ते कर्ज आहे हेच माहीत नव्हतं, तिला वाटायचं वॉलेट आहे. १,८०० रुपये राहून गेले, सिम बदललेलं म्हणून मेसेज आले नाहीत, रिपोर्टमध्ये पर्सनल लोन म्हणून नोंद आणि किती दिवस थकलं त्याचा रकाना भरलेला. त्या रकान्यात ०००, ०००, ००० अशी ओळ दिसली पाहिजे आणि सिबिलच्या रिपोर्टात तीन वर्षांपर्यंतची दिसते, म्हणजे ही मुलगी २७ वर्षांची होईपर्यंत ते १,८०० तिच्या मागे.

मोबाईलच्या दुकानातला हप्ता: हिस्ट्री तयार होते, वाईट नाही, पण सहा-आठ महिन्यांत संपतो. कार्ड चालू राहतं.

वडिलांचं अ‍ॅड-ऑन कार्ड (त्यांच्या खात्यावर आपल्या नावाचं जादा कार्ड): आपल्याकडे त्याची हिस्ट्री मूळ कार्डवाल्याच्या नावावर, तुमच्या नाही. अमेरिकेत चालतं म्हणे, माझा मावसभाऊ तिकडून सांगत होता, इकडे ते डोक्यातून काढा.

आणि कुणी म्हटलं की सेटलमेंट करून टाकू, अर्धे भरा बाकी माफ, तर रिपोर्टवर 'क्लोज्ड' ऐवजी 'सेटल्ड' येतं आणि ते वाचणाऱ्याला बरोबर कळतं की याने पूर्ण दिलेलं नाही.

एफडी किती ठेवायची? मोडायची गरज पडणार नाही तेवढीच. काही बँका पाच-दहा हजारांवर पण देतात. मी २५ ठेवले आणि डिसेंबरमध्ये आईचं डोळ्याचं ऑपरेशन निघालं तेव्हा ते २५ समोर दिसत होते पण हात लावता येत नव्हता, एफडी मोडायची तर कार्ड आधी बंद आणि सगळी हिस्ट्री चार महिन्यांवर थांबली असती. मोठ्या भावाकडून हातउसने घेतले. स्मॉल फायनान्स बँक व्याज जास्त देते म्हणून भीती वाटत असेल तर पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा असतो, व्याज धरून, तिथे पण.

बरं, ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारनं लोकसभेत सांगितलं की पहिल्यांदा कर्ज घेणाऱ्याचा अर्ज फक्त हिस्ट्री नाही म्हणून नाकारू नका असं आरबीआयनं बँकांना सांगितलेलंच आहे. ते बातम्यांमध्ये 'आता सिबिल लागणार नाही' असं फिरलं. तसं नाहीये. 'फक्त' हा शब्द महत्त्वाचा, बाकी कारणं बँकेकडे भरपूर असतात, आणि व्याजदर कितीचा लावायचा हे तर त्यांच्याच हातात.

माझं म्हणाल तर सप्टेंबरच्या २२ तारखेपासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकीवरचा जीएसटी २८ चा १८ झाला तेव्हा परत त्याच शोरूमला गेले, तोच दादा, तेच टेबल. स्कोअर ७५६. साडेबारा टक्के, को-अ‍ॅप्लिकंट नको. निम्मे रोख भरले, ४५ हजारांचं लोन. त्यानं मला ओळखलं नाही, मी पण काही बोलले नाही.

रेटिंग: पाचपैकी साडेतीन. एक त्या मिनिमम ड्यूच्या टिकसाठी कापला आणि अर्धा पॉलिसीवाल्यासाठी. रिवॉर्ड पॉइंट्सचं विचारू नका, १४ महिन्यांत एकूण २१० रुपयांचे झालेत. पॉइंट्ससाठी हे कार्ड नाहीच.

ता.क. खाली कुणी विचारायच्या आधी: १८ पूर्ण असेल तर कॉलेजात असतानाही मिळतं, कमाईचा पुरावा बहुतेक ठिकाणी मागत नाहीत, एफडी मात्र तुमच्याच नावावर पाहिजे. कार्ड बंद करायचं झालं तर लेखी किंवा अ‍ॅपमधून विनंती टाका, देणं शून्य असेल तर सात कामकाजाच्या दिवसांत बंद करावं लागतं, उशीर केला तर दिवसाला ५०० रुपये बँकेनं तुम्हाला द्यायचे. लीन निघालं का ते मात्र वेगळं तपासा, ऑफिसातल्या एकाचं कार्ड बंद झालं आणि एफडी दोन महिने तशीच अडकून. आणि अण्णांनी पण १५ हजारांची एफडी करून कार्ड घेतलंय आत्ता दिवाळीआधी, बिल यायच्या आधीच पैसे भरून टाकतात, मी सांगून दमले की अण्णा बिल तर येऊ द्या.